सातवी सही

मुलुंड (पूर्व)
११ जानेवारी २०२५

श्री. श्यामकांत यांस,
सलाम.

मंडळीत परत घ्यावं म्हणून तुम्ही केलेला अर्ज मिळाला. ५ जानेवारीच्या पंचमंडळाच्या सभेत पाळकसाहेबांनी तो वाचून दाखवला. काढून टाकलेल्या सभासदाला परत घ्यायचं तर आपल्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे सातही पंचांच्या सह्या लागतात. त्याआधी तुम्ही नेमकं काय केलंत ते स्वतःच्या हाताने लिहून पाठवायचं आहे. विषय ३० मार्चच्या सभेत येईल.

कळावे,
चिटणीस, पंचमंडळ

इथपर्यंत चिटणिसाचं पत्र झालं. खालचं माझं आहे, श्याम. हे फाइलला लागणार नाही.

मी तुझा नंबर दोन वर्षांपूर्वी ब्लॉक केला. म्हणून तू चर्चच्या पत्त्यावर लिहिलंस, आणि सहा लोकांसमोर बसून मला सख्ख्या भावाचं पत्र ऐकावं लागलं. "माझ्या हातून आईचा जीव गेला. देवबापाने मला क्षमा केली आहे, आता मंडळीनेही करावी." पाळकसाहेबांचा आवाज भरून आला. भाऊंनी, म्हणजे बाबांच्या मित्राने, ऐंशी वर्षांच्या माणसाने, चष्मा काढून डोळे पुसले. आणि मला मळमळलं. खरंच, तोंडात कडू पाणी आलं. उठून बाहेर जावं लागलं.

देवबापाने क्षमा केली हे तुला कळलं कसं रे? पोस्टाने आलं?

श्रीरामपूरला वसतिगृहात स्वयंपाकी आहेस असं लिहिलं होतंस. तिथेच राहा. तिथेही चर्च आहे, तिथेही देव आहे. इथे तुला सहा सह्या मिळतील. भले लोक आहेत ते, रडणारा माणूस त्यांना आवडतो. सातवी सही माझी. ती मिळणार नाही.

सुगंधा


२ फेब्रुवारी २०२५

श्याम,

तुझी आठ फुलस्केप पानं मिळाली. पंचांना दाखवण्याआधी मी वाचली, चिटणीस म्हणून मला तो हक्क आहे. त्यात तीन ठिकाणी तू "चूक" हा शब्द वापरला आहेस. "विश्वासाच्या भरात आमची चूक झाली." चूक म्हणजे भाजीत दोनदा मीठ पडणं. पुन्हा लिही. जमत नसेल तर मी सांगते ते उतरवून काढ.

आईला अठरा वर्षं शुगर होती. इन्शुलिन घेऊन ती ठणठणीत होती, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी कांजूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर दिवसातून दोनदा चढत होती. मग तुला तो ब्रदर निलेश भेटला, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये चंगाईच्या, प्रार्थनेने आजार बरे करायच्या, सभा घेणारा. त्याने सांगितलं की सुई टोचून घेणं म्हणजे देवावर अविश्वास. २०२२ च्या सप्टेंबरात तू फ्रिजमधली इन्शुलिनची पेनं काढून कचऱ्यात टाकलीस. नीला तुझी बायको, वर नर्स. ती तुझ्या पाया पडली. तू म्हणालास, तिच्या तोंडून सैतान बोलतोय. ती बॅग भरून निघून गेली.

मग आईला चप्पल चावली. एवढंच झालं, श्याम, चप्पल चावली. त्या फोडाचं काय झालं ते तुला माहीत आहे. अंगठा काळा पडला आणि तुम्ही दोघे त्याला तेल लावत बसलात. वीस रुपयांच्या बाटलीतलं खोबरेल, प्रार्थना करून पवित्र केलेलं.

९ नोव्हेंबरला आई गेली. त्यावर तुझ्या ब्रदरला वाटलं, बायबलात चार दिवसांचा मेलेला उठला होता, ही का नाही उठणार? दीड दिवस तुम्ही दार लावून गात होतात. शेजाऱ्यांनी मला फोन केला. मी नाकाला पदर लावून आत आले तेव्हा आईच्या ओठांवर माश्या बसल्या होत्या आणि तू टाळ्या वाजवत होतास. डोळे मिटून. घामाने थबथबलेला. माझ्याकडे बघून हसलास आणि म्हणालास, "ताई, आता उठेल बघ."

ते हसणं आठवलं की आजही माझ्या हातातला घास खाली राहतो. ब्रदर निलेश दुसऱ्याच दिवशी फोन बंद करून गायब झाला, आणि तू आता क्षमा मागतोस.

मला यातलं काही माहीत नव्हतं. पंधरा ऑगस्टनंतर मी आईला पाहिलंच नव्हतं. माहीत असतं तर उचलून आणलं असतं, रिक्षाने अर्ध्या तासाचा रस्ता. हे मी पंचांनाही तेव्हाच सांगितलं होतं.

सुगंधा


२३ फेब्रुवारी २०२५

श्याम,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "ताई, तू ऑक्टोबरात आली होतीस. मी पंचांना लिहिलेल्या कागदात ते घातलेलं नाही."

काय मोठं मन आहे रे तुझं! उपकार करतोस माझ्यावर? आईला मारलंस तू, आणि आता ताईची लाज राखायला निघालास. मला तुझं काही नको.

मी आले नव्हते. आले असेनच तर उभ्या उभ्या, पेरू द्यायला. आणि पायावर चादर होती. मला काय दिसणार?

या मंगळवारी नीला घरी आली होती. तू तिला पत्रं लिहितोस असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "तू वाचतेस?" ती म्हणाली, "वाचते. उत्तरही देते. माफ केलंय असं नाही ताई, पण उत्तर देते." मला तिचीही शिसारी आली. एवढ्या लवकर विसरतात बायका. चहा पिताना ती मध्येच म्हणाली, "ताई, मी त्या सप्टेंबरात तुम्हाला फोन केला होता ना? आईंना तुमच्याकडे न्या म्हणून?"

मी म्हटलं, "मला नाही आठवत."

चंद्रप्रकाश समोर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे बघितलं, आणि कुणी मागितलेलं नसताना आत पाणी आणायला गेले. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी खोटं पाडलं नाही. त्या दिवशीही नाही पाडलं. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

मला आता लिहू नकोस. कागद पुरेसा आहे, ३० तारखेला सभेत ठेवीन.

सुगंधा


१६ मार्च २०२५

श्याम,

लिहू नकोस म्हटलं तर तू खरंच लिहिलं नाहीस. तीन आठवडे मी पोस्टमनची वाट बघत होते. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही.

तुला एक सांगते. प्रभुभोजनाचा रविवार असला की ते मांडायचं काम माझ्याकडे असतं. पावाचे तुकडे करायचे, छोट्या पेल्यांमध्ये द्राक्षरस ओतायचा, वर पांढरं कापड घालायचं. दोन वर्षं मी ते मांडते आणि स्वतः घेत नाही. सगळ्यांना वाटतं मला अ‍ॅसिडिटी आहे. पाळकसाहेबांच्या बायकोने एकदा ओव्यांची पुडी आणून दिली. खरं हे की तो तुकडा तोंडाशी नेला की मला वास येतो. पावाचा नाही.

आज उपवासकाळातला दुसरा रविवार. उपासना सुटल्यावर मी बाकावरच बसून राहिले, आणि ठरवलं की लिहायचं.

१६ ऑक्टोबर २०२२, रविवार. नीलाचा फोन येऊन महिना होत आला होता. तो फोन मला आठवतो, शब्दन्‌शब्द आठवतो. एक महिना मी टाळलं. त्या दिवशी उपासनेनंतर आम्ही कांजूरला आलो. चंद्रप्रकाश खाली रिक्षातच थांबले, मीच त्यांना थांबवलं. तू दार उघडलंस. खोलीत पाऊल टाकलं आणि मी पहिलं वाक्य बोलले ते, "आज डम्पिंग ग्राउंडचा केवढा वास येतोय रे. खिडकी लाव."

तू म्हणालास, "बंदच आहे, ताई."

खिडकी बंदच होती, श्याम. मला ती दिसत होती.

आईने स्वतःच चादर बाजूला केली. अंगठा वाळलेल्या खारकेसारखा झाला होता आणि शेजारच्या दोन बोटांच्या बेचक्यातून पिवळं पाणी येत होतं. तू खाली बसलास, बोटांवर तेल घेतलंस, लावलंस, आणि प्रार्थना करता करता त्या पायाला ओठ टेकवलेस. माझ्या घशाशी आलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत उभी राहिले.

आई म्हणाली, "सुगंधा, मला तुझ्याकडे ने गं. चारच दिवस."

मी म्हटलं, "आई, घराला रंग लावतायत. सगळं सामान मध्ये पडलंय. रंग झाला की नेते."

"कधी होईल रंग?"

"आठ दिवसांत."

रंग शुक्रवारीच पूर्ण झाला होता. आमच्या स्वरदाचं लग्न ठरलं होतं आणि पुढच्या आठवड्यात तिच्या सासरची माणसं घर बघायला यायची होती. नव्या रंगाच्या घरात तो पाय, तो वास, वर त्या बाईंनी विचारलं असतं की हे काय. मी तेवढा हिशोब त्या कॅलेंडरसमोर उभी राहून केला. पेरूची पिशवी टेबलावर ठेवली. आईच्या गालाला हातही लावला नाही. खाली येऊन बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, काही शिवले नसताना. चंद्रप्रकाशांनी विचारलं, "कशा आहेत?" मी म्हटलं, "बरी आहे. पाय जरा सुजलाय."

त्यानंतर चोवीस दिवस होते. एका फोनने अ‍ॅम्ब्युलन्स आली असती. पाय गेला असता, आई राहिली असती. डॉक्टरांनी मला नंतर हेच सांगितलं आणि मी त्यांच्यासमोर तुझ्या नावाने रडले.

तू मूर्ख होतास, श्याम. असला मूर्ख मी पाहिला नाही. पण तुला आईची किळस आली नाही. तू त्या खोलीत झोपलास, तो पाय मांडीवर घेतलास. तुला वाटत होतं ती बरी होतेय. मला दिसत होतं ती मरतेय, आणि मी घरी येऊन अंगावरची साडी कचऱ्यात टाकली.

दोन वर्षं मी तुझी किळस येते म्हणून सांगत फिरले. ती कुणाची होती ते आज लिहिते आहे.

ताई


३१ मार्च २०२५

श्याम,

माझ्या पत्राला तुझं उत्तर नाही. तरी काल काय झालं ते कळवणं चिटणीस म्हणून भाग आहे.

तुझा विषय तिसरा होता. पाळकसाहेबांनी तुझा कागद वाचला, सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि सह्यांचा कागद फिरला. दोन मिनिटं लागली नसतील. आईचं मरण दोन मिनिटांत धुऊन निघालं. सहाव्या सहीनंतर कागद माझ्यापुढे आला आणि सगळे खालमानेने बसले. ताई अडवणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी सही केली. मग उभी राहिले आणि म्हटलं, "आता माझा विषय घ्या." आणि सांगितलं. नीलाचा फोन, खिडकी, रंग, व्याही, साडी. तुला काढून टाकायचा ठराव आला तेव्हा पहिला हात मी वर केला होता, तेही.

तुला वाटेल कुणी रडलं असेल. नाही. तुझ्या पत्राला रडणारे हे लोक माझ्याकडे बघेनात. एकाने मोबाईल काढला. पाळकसाहेब म्हणाले, "सुगंधाताई, तुम्ही थकला आहात. हा विषय कार्यक्रमपत्रिकेत नाही." दुसरे एक पंच म्हणाले, "मुलीकडची बाजू, लग्नाची गडबड, समजू शकतो आम्ही." समजू शकतात! त्यांना समजलं याचीच मला सगळ्यात जास्त घाण वाटली. तेवढ्यात चहा आणि समोसे आले. त्या वासाबरोबर सगळ्यांचे चेहरे सुटले.

मी म्हटलं, "निदान इतिवृत्तात नोंद करा." मग लक्षात आलं की इतिवृत्त मीच लिहिते. लिहिलं. स्वतःचं नाव घालून, सात ओळी.

जिना उतरताना भाऊंनी माझं कोपर धरलं. त्यांना आता आधाराशिवाय उतरता येत नाही. दोन पायऱ्या झाल्यावर म्हणाले, "पोरी, आम्हाला सांगून काय होणार? ज्याच्या डोक्यावर ठेवलंस सगळं, त्याला सांगितलंस का?"

"पत्र टाकलंय," मी म्हटलं.

"पत्र," भाऊ म्हणाले, आणि पुढच्या पायरीवर पाऊल टाकलं.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, ४ तारखेला, परत घेतलेल्या सभासदांची नावं वाचतात. तुझं नाव असेल. ये.

ताई


२८ एप्रिल २०२५

श्याम,

परवा मी तुझ्याकडे आले होते, तरी हे लिहिते, कारण तिथे मला अर्धंही बोलता आलं नाही.

तुझं पोस्टकार्ड मला ईस्टरच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. "मला तुझी किळस येते. तुझ्याबरोबर एका छताखाली उपासना करायची नाही. नाव काढून टाका." पोस्टकार्ड, म्हणजे पोस्टमननेही वाचलं असणार. ते वाचून मला पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं नाही सांगत. दोन वर्षांत माझ्याशी कुणीतरी खरं बोललं होतं.

शनिवारी पहाटेची एसटी धरून आले. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, स्वयंपाकघरात आहेत. तू मागच्या मोरीत बसून डेग घासत होतास. किती वाळलास रे. मान वर केलीस, मला बघितलंस आणि परत घासायला लागलास.

"कशाला आलीस?"

"पत्र मिळालं तुझं."

"मग कळलं असेल."

मी उन्हात उभीच राहिले. तू डेगेशी बोलल्यासारखा बोलत होतास. "दोन वर्षं मी एकट्याने मारलं असं समजून जगलो. एकदा विहिरीपर्यंत जाऊन आलो. आणि तुला माहीत होतं. तुला पाय दिसला होता. तरी तू सगळ्यांसमोर हात वर केलास."

"हो."

"पहिला."

"हो, श्याम."

तू घासणी फेकलीस ती माझ्या पायाशी येऊन पडली. मला वाटलं आता उठून मारशील. मारलं असतंस तर सोपं गेलं असतं. पण तू गुडघ्यांवर कोपरं टेकून बसलास, हाताला सगळी राख, आणि म्हणालास, "एक गोष्ट तुला सांगायची नव्हती. मरेपर्यंत सांगायची नव्हती. तुला ती मिळू नये असं वाटत होतं."

मग सांगितलंस. मी त्या दिवशी जिना उतरल्यावर तू आईजवळ माझ्या नावाने बोललास, की बघ, पोटची मुलगी उभ्या उभ्या आली आणि गेली. आणि आई म्हणाली, "तिला बोल लावू नको. तिला लहानपणापासून घाण सहन होत नाही. तू तान्हा होतास तेव्हा तुझी दुपटी धुवायला लावली की ओकायची. ओकायची, तोंड धुवायची आणि परत येऊन धुवायची. आज नाही जमलं तिला. उद्या येईल."

"रोज म्हणायची," तू म्हणालास. "शेवटपर्यंत. उद्या येईल."

मी तिथेच पायरीवर बसले. माझ्याने रडवलंही नाही. आई मला रागावली असती, शाप दिला असता, तर मी तो घेऊन घरी आले असते, त्याची मी तयारी करून आले होते. पण तिने त्याच दिवशी माफ करून टाकलं होतं, मी रिक्षात हात धूत होते तेव्हाच. ते घ्यायला माझ्याकडे जागाच नव्हती. किळस तेवढी होती, काठोकाठ.

तू डेग विसळून पालथी घातलीस. माझ्याकडे न बघता म्हणालास, "पाचची एसटी आहे. त्यानंतर नाही." मला माफ केलं असं तू म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. फाटकापर्यंत मात्र आलास.

गाडीत मी देवाशी बोलले. चर्चमध्ये दर रविवारी बोलतच होते, पण ती पाठ केलेली वाक्यं होती. या वेळी वाक्य सापडेना. नगर मागे पडेपर्यंत नुसतं "बापा, बापा" म्हणत होते, लहान मूल कपडे धरून ओढतं तसं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "वडील आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही. मीच बऱ्याच दिवसांनी चाललेय त्यांच्याकडे."

काल उपासनेनंतर पाळकसाहेबांना भेटले. म्हटलं, ४ तारखेच्या यादीत श्यामकांतच्या खाली माझं नाव घाला. ते गोंधळले. "परत घेतलेल्यांची यादी आहे ताई ती. तुम्ही कुठे बाहेर गेला होता? तुम्ही तर दर रविवारी इथेच."

मी म्हटलं, "असू दे. वाचा."

बराच वेळ त्यांनी मला समजावलं. लोक विचारतील, चिटणिसाचं नाव, स्वरदाच्या सासरी कळेल. कळू दे. शेवटी त्यांनी लिहून घेतलं. चिटणिसाच्या कामाचा राजीनामाही दिला, तो त्यांनी मुकाट्याने घेतला. तुझं नाव मी काढू दिलेलं नाही. पोस्टकार्ड माझ्या पत्त्यावर आलं होतं, ते पंचांपर्यंत पोचलंच नाही असं समज.

नाव वाचलं की उठून उभं राहायचं, एवढंच असतं. आलास तर माझ्याजवळ बसायला नको, तुला वाटेल त्या बाकावर बस. माझ्याशी बोलूही नको. नाही आलास तर तुझ्या नावानंतर थोडा वेळ कुणीच उभं राहणार नाही, लोक मागे वळून बघतील, आणि मग माझं नाव येईल. मी उठेन.

आईला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. मला माफ कर, श्याम. आज नाही जमलं तर नको.

तुझी,
ताई